ब्याऐंशी किलो

१२ जून १९९८, शुक्रवार

गाडी अजून घोड्यांवरच. चार कोपऱ्यांत चार लोखंडी घोड्या, चाकं भिंतीला टेकवलेली, पोट उघडं. ९ मार्चपासून अशीच उभी आहे. त्या दिवशी मरुदु म्हणाला, "आई, चहा पिऊन आलोच. कशाला हात लावू नको." मी हात लावला नाही. तो आला नाही. चहावाल्याच्या बाकड्यावरच, हातात ग्लास धरून... ग्लास फुटलासुद्धा नाही म्हणे. माझा मुलगा, एक्कावन्न वर्षांचा — जाताजाता दुसऱ्याचा ग्लास फोडायची लाज वाटली असेल.

ही वही त्याची. कुठल्या गाडीचं काय काम केलं ते रोज तारीख घालून लिहायचा. अर्धी कोरी राहिली. मी म्हटलं, त्याच्या स्वतःच्या फियाटचं काम अर्धं आहे तोवर वही मिटायची नाही. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि सून लिहिते — दैवानै, त्याची बायको. जसंच्या तसं लिही म्हणून बजावलंय. नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही बाईनं, पण लिहिताना बरं लिहिते! (हेही लिही. हसू नको.)

एकच अट घातली. त्यानं लिहिलेली पानं मला वाचून दाखवायची नाहीत. त्याचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही मला. मधे एक पान कोरं सोडायला लावलं.

आज पूंगोडीनं बातमी आणली. पूंगोडी म्हणजे नात, तेवीस वर्षांची, इंजिनीअर झालीय नुकतीच. होसूरच्या कारखान्यात नोकरी लागली. १३ जुलैला हजर व्हायचं. मी म्हटलं, वा.

मग ती म्हणाली, "पण अप्पाचं काम पुरं केल्याशिवाय मी जाणार नाही, अप्पत्ता. गाडी मी नीट करणार आणि तीच घेऊन जाणार. ती सरळ चालली नाही तर मीही जाणार नाही."

मी पुन्हा म्हटलं, वा! या वेळी मनापासून.

१४ जून, रविवार

पुढचे दोन्ही स्प्रिंग बसले. जुने निघाले ते बसकण मारलेल्या म्हातारीसारखे — मी सांगतेय म्हणजे खरंच असणार. रबराचे बुश तर बोटांत चुरले. नवे भाग मरुदूनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ओळीनं मांडले होते. आधी काय, नंतर काय, सगळं जागच्या जागी, केळीच्या पानावर वाढल्यासारखं. पोरगी एकेक उचलते, बसवते. पान रिकामं होत जातं.

थोडे वॉशर उरले तेव्हा मी म्हटलं, "आजच्याला पुरे. उद्या."

"का गं? दहा मिनिटांचं काम आहे."

"राहू दे म्हटलं ना."

ते वर्तमानपत्र मार्चचं आहे. त्यावर त्याच्या गुडघ्याचा तेलकट ठसा आहे. तो तिला दिसला नाही. मला दिसला.

१७ जून, बुधवार

पालघाटाकडून वारा सुटलाय. शेडचा पत्रा दिवसभर बडबडतो. घरात माझ्याशिवाय आणखी कुणी तरी बोलतंय हे बरं.

२० जून, शनिवार

मागचे शॉकअपही झाले. चाकं चढवली, जॅक उतरवला. गाडी खाली टेकताना 'हुश्श' असा आवाज आला — बाहेरून आल्यावर ओट्यावर बसताना तो करायचा तसाच. दैवानै आतून धावत आली. दारातच थांबली. मग परत आत गेली. (लिहिलंस? बरं.)

गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. खेकड्यासारखी तिरकी चालते! स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी नारळवाल्याच्या अंगणात. साहजिक आहे. पायाखालचं सगळं बदललं की चाकांची तोंडंही बदलतात. ती पुन्हा जुळवावी लागतात.

पूंगोडी म्हणाली, "अविनाशी रोडला कॉम्प्युटरवर करून देतात. अर्धा तास."

"या घरातली गाडी परक्याकडून सरळ करून आणायची? तुझे अप्पारु वर बसून काय म्हणतील!"

अप्पारु म्हणजे आमचे हे. दोरी लावून चाकं जुळवण्यात यांचा हात धरणारा कोईमतूरात नव्हता. शर्यतीच्या गाड्या मद्रासला जायच्या आधी आमच्या शेडमध्ये यायच्या. दोरीचं दुसरं टोक चाळीस वर्षं मी धरलं. दुसऱ्या कुणाला धरू द्यायचे नाहीत. "बाकीच्यांचे हात हलतात, नंजम्मा. तुझं फक्त तोंड हलतं." आयुष्यात एवढंच कौतुक केलं. पुरलं मला.

"बरं, दोरीनं करू," पोरगी म्हणाली. "काढून ठेव उद्या."

२१ जून, रविवार

दोरी सापडत नाही.

वही, तुझ्याशी खोटं बोलून काय करू. दोरी माळ्यावरच्या पितळी हंड्यात आहे. आज पहाटे मीच ठेवली, शिडी लावून, या वयात! यांनी मेण घासून केलेली सुती दोरी. ती नाही तर माप नाही. माप नाही तर गाडी सरळ नाही. गाडी सरळ नाही तर होसूर नाही.

एक गेला. एवढ्यात दुसरं जायला नको. एवढंच.

दैवानै, पोरीला सांगितलंस तर बघ.

२३ जून, मंगळवार

पोरगीनं बाजारातून नायलॉनची दोरी आणली. मी बोटानं टिचकी मारून पाहिली, नाक मुरडलं. "ही ताणते. ताणणारी दोरी खोटं सांगते."

"मग खरं सांगणारी कुठे ठेवलीस?"

"वय झालं, कण्णु. आठवत नाही."

"सकाळी तर शेजारच्या अक्काला तिच्याच लग्नातल्या पंगतीत कुणी किती वडे हाणले ते सांगत होतीस. नावासकट!"

तोंडाळ. कुणावर गेलीय कुणास ठाऊक.

२४ जून, बुधवार

दैवानै स्वयंपाकघरातून म्हणाली, मोठ्यानं, पोरगी शेजारी बसलेली असताना — "अत्तै, माळ्यावरचा मोठा हंडा खाली काढू का? उद्या नळाला पाणी नाही. भरून ठेवते."

माझ्याकडेच बघत होती. बेरकी!

"मी काढते," म्हटलं.

अर्ध्या तासात दोरी सापडली. कुठे होती ते पूंगोडीनं विचारलं नाही. माझ्या गालाचा मुका घेतला आणि गेली. गालाला ग्रीस लागलं. पुसलं नाही.

२७ जून, शनिवार

आज वजन ठेवलं.

दोरी लावायच्या आधी सीटवर वजन ठेवायचं ही यांची पद्धत. रिकाम्या गाडीचं माप वेगळं, माणूस बसलेल्या गाडीचं वेगळं. माणूस बसला की ती बाजू दबते, चाकाचं तोंड केसभर फिरतं. शर्यतवाल्या एकेकाचं वजन यांना पाठ. तेवढ्या भाराचं पोतं सीटवर, मगच दोरी. एकानं लाजेपोटी पाच किलो कमी सांगितलं होतं. शर्यत संपेपर्यंत गाडी उजवीकडे ओढत राहिली. त्याचं खरं वजन सगळ्या मद्रासला कळलं! ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, मोजदाद नाही.

मरुदु ब्याऐंशी किलोंचा. दर पोंगलला गिरणीच्या काट्यावर उभा राहायचा आणि मी खालून ओरडायची, "उतर रे, त्यांना कापसाच्या गाठी तोलायच्यात!" गेल्या पोंगलला ब्याऐंशी. तोच आकडा धरला.

तांदळाचं पोतं पन्नास. हुलग्यांचं पंचवीस. उरले सात — रगड्याचा जुना दगड काट्यावर टाकला तर बरोब्बर सात भरला. तिघींनी मिळून सगळं गाडीत चढवलं. धापा टाकत. मग त्याचा खांद्यावरचा टॉवेल आणला, हिरव्या काठाचा. पोत्यावरून घेतला आणि त्याच्या दुसऱ्या टोकानं स्टेअरिंग बांधलं, म्हणजे मापाच्या वेळी हलायला नको.

मी म्हटलं, "नीट टेकून बस. पाठीला बाक काढू नको."

पूंगोडी हसली. मग हसायची थांबली.

दैवानैनं हात घालून टॉवेलची सुरकुती काढली. तळहातानं, एकदा. काही उरलं नव्हतं तरी पुन्हा एकदा.

मी त्या बाजूची काच खाली केली. बंद काचेत त्याला गुदमरायचं.

२८ जून, रविवार

वारा उठायच्या आत काम करायचं, म्हणून सहालाच सुरुवात. दोरी वाऱ्यावर थरथरली की माप गेलं.

फरशीवर पाणी ओतून पाहिलं, कुठेच वाहून गेलं नाही. पुढच्या चाकांखाली दोन दोन पत्रे, मधे एरंडेल. चाक अडून बसत नाही, वळवलं की वळतं. बॉनेट दाबून तीनदा सोडलं, गाडी बसती झाली. मग घोड्यांना बांधून दोरी, चाकाच्या मध्यावर, गाडीच्या दोन्ही अंगांना सारखी दूर.

पूंगोडी पोलादी पट्टीनं मोजते — दोरीपासून चाकाची पुढची कड किती, मागची किती. मला पट्टी वाचता येत नाही. माझ्याकडे लोखंड कापायच्या करवतीची दोन मोडकी पाती आहेत, यांचीच. चाकाची पुढची कड मागच्यापेक्षा दोन पात्यांच्या जाडीएवढी आत हवी. पाती घासून गेली पाहिजेत. अडकली तर चूक, खाली पडली तरी चूक.

"एक पूर्णांक दोन मिलिमीटर, अप्पत्ता."

"दोन पाती."

"तेच म्हटलं मी."

"मी आधी म्हटलं."

पहिल्यांदा तिनं एकाच बाजूचा टाय-रॉड, चाकाचं तोंड वळवणारी दांडी, फिरवला. ओरडले तिच्यावर. "दोन्ही! इकडे जेवढा, तिकडेही तेवढाच. नाहीतर चाकं सरळ आणि स्टेअरिंग लग्नातल्या रुसलेल्या मामासारखं वाकडं!" मग जमलं. नट आवळले. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा दोन पाती.

नवाला वारा उठला. दोरी गुणगुणायला लागली. मी टोक सोडलं नाही लगेच.

३० जून, मंगळवार

पोतं उतरवून गाडी सुलूरच्या रस्त्याला नेली. मी मागे, मधोमध बसले. पूंगोडीनं स्टेअरिंगवरचे हात जरासे उचलले.

डावीकडे.

जोरात नाही. कुणी हाक मारल्यावर मान वळावी तशी. सरळ केली, हात उचलले, पुन्हा डावीकडे.

"असं कसं? माप तर बरोबर आहे!" ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

गाडीलाही तो हवाय, असं वाटलं. आणि पोरगी जात नाही, असंही वाटलं. दोन्ही एकदमच. आधी कुठलं ते विचारू नका.

२ जुलै, गुरुवार

पुन्हा पोतं, पुन्हा दोरी. दोन पाती, घासून. रस्त्यावर डावीकडे.

४ जुलै, शनिवार

चाकांची अदलाबदल केली. हवा तपासली. पोतं, दोरी, पाती. डावीकडे.

पोतं चढवून-उतरवून कंबर गेली. दैवानै म्हणते, "अत्तै, ते होते तेव्हा एवढं उचललं होतं का कधी?"

उचललं होतं गं. सहा वर्षांचा होईपर्यंत कडेवरून उतरायचा नाही. लोक हसायचे. मी म्हणायची, उतरेल तेव्हा उतरेल, तुमच्या कडेवर आहे का?

६ जुलै, सोमवार

दुपारी पोरगी गाडीखाली होती. पान्याचा आवाज येईना म्हणून वाकून पाहिलं. नुसती उताणी पडली होती. डोळे वर. तिथं मरुदूची खडूची खूण आहे. काम जिथं थांबवलं तिथं काढून ठेवलेली, चहाला जाण्याआधी.

"झोपलीस का गं?"

"माझ्या हातात नाही ते, अप्पत्ता."

"काय?"

"अप्पाच्या हातात होतं ते. कॉलेजात सगळं शिकले. गणितं केली. चारचारदा मोजलं. आणि एक गाडी सरळ चालवता येत नाही मला. कारखान्यात जाऊन काय दिवे लावणार?" खूण बोटानं चाचपत होती, पुसली जाणार नाही अशी. "पत्र लिहून टाकते त्यांना. नाही येत म्हणून. इथंच पीलमेडूत कुठंतरी बघेन."

मला जे हवं होतं ते ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली. मी काय करायला हवं होतं? काहीतरी बोलायला हवं होतं. एरवी शेडच्या पत्र्याला हार जाणार नाही अशी मी — सरळ उभी राहिले आणि आत चहा टाकायला गेले.

७ जुलै, मंगळवार

मी जिंकले. सकाळच्या इडल्या तशाच कावळ्यांना घातल्या.

८ जुलै, बुधवार

पोरगीनं पत्र लिहून टेबलावर ठेवलं आणि आंघोळीला गेली. दैवानैनं ते उचललं, रवाळ पिठाच्या डब्याखाली सरकवलं आणि शेडमध्ये आली. सोमवारच्या मापाचं पोतं अजून सीटवरच होतं, मी जवळ उभी होते. टॉवेलवरची धूळ झटकत होते.

"पोतं काढा, अत्तै."

मी टॉवेलची दुसरी बाजू झटकली.

"चोवीस वर्षं झाली या घरात. कधी वर मान करून बोलले नाही तुमच्याशी. आज बोलते. पोतं काढा. तिचं वजन घ्या."

"त्याची गाडी आहे."

"चालवणार कोण?"

मी म्हटलं, "तुला काय कळतं यातलं? दोरीचं टोक तरी धरलंस का कधी?"

"नाही धरलं. तुम्ही धरू दिलं नाहीत."

वही, मला हे ठाऊक नव्हतं असं लिहिलं तर ते धडधडीत खोटं. पाच किलो कमी सांगणाऱ्या शर्यतवाल्याला गावभर हसणारी मी. पोरगी शेहेचाळीस किलोंची, उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखी. तिच्या जागी मी ब्याऐंशी ठेवत होते. तिच्याखाली ती बाजू उचलली जाणार, गाडी डावीकडे जाणार — यात न कळण्यासारखं काय? पहिल्या दिवसापासून कळत होतं. मनानं कानांवर हात ठेवले होते. आणि पूंगोडी? इंजिनीअर आहे ती. तिलाही कळलं असणार कुठेतरी. पण बापाला 'ऊठ' म्हणायचं कुणी? त्यापेक्षा आपल्या हातांना दोष देणं तिला सोपं गेलं.

माझ्यामुळे पोरगी स्वतःच्या हातांना नावं ठेवायला लागली. हे लिही. ठळक लिही.

"मला नाही उठवता येत त्याला," मी म्हटलं. "तू उठव. तुझा नवरा आहे."

दैवानै पलीकडच्या दारानं आत शिरली. शेजारच्या सीटवर बसली. लग्नानंतर पळनीला गेले होते दोघं याच गाडीतून, तेव्हा बसली असेल तशी. बसून राहिली. काही बोलली का, मला ऐकू आलं नाही. मग टॉवेल सोडला, घडी घातली.

पोतं आम्ही दोघींनीच उतरवलं. जड होतं. रोजच्याहून जड होतं.

(पुस डोळे. अक्षर फिसकटेल.)

९ जुलै, गुरुवार

सहाला पूंगोडी स्वतःच सीटवर. "हलू नको. श्वाससुद्धा माझ्या परवानगीनं घे," मी सांगितलं.

"मग खाली कोण जाणार? टाय-रॉड कोण फिरवणार?"

"मी."

"चौऱ्याहत्तर वर्षांची आहेस तू!"

"मग आडवी होण्यात माझा हात धरणारं कोण आहे?"

गोणपाट टाकलं, पाठीवर सरकत गेले. चाळीस वर्षं बाहेरून दोरी धरली, आत कधी गेले नव्हते. आतून गाडी वेगळीच दिसते. त्याच्या हाताचे ठसे सगळीकडे. काळे, बोटं बोटं दिसतात असे. मी पाना लावला तिथंही एक होता. त्यावर बोट ठेवून नट सैल केला. दुसरी जागाच नव्हती धरायला.

दोरीचं टोक आज दैवानैनं धरलं. पहिल्यांदाच. मी खालून ओरडत होते, "हात हलतोय!" नव्हता हलत. हेवा वाटला म्हणून ओरडले.

पोतं असताना होतं तिथून माप सरकलं होतं. पाती अडकत होती. डावीकडे पाव फेरा, उजवीकडे पाव फेरा. पाती घासून गेली. वरून पोरगीचा आवाज, "झालं?"

"श्वास घे," म्हटलं.

बाहेर निघताना दोघींनी पायांना धरून ओढलं मला. पोत्यासारखं.

१० जुलै, शुक्रवार

सुलूरचा रस्ता. पूंगोडीनं हात उचलले, मांडीवर ठेवले.

सरळ.

पिळ्ळैयारच्या देवळापासून गिरणीच्या फाटकापर्यंत — सरळ! कुणाला शोधत नाही, कुणाच्या हाकेला वळत नाही. पोरगी हसत होती, रडत होती. "बघ, अप्पत्ता! हात न लावता!" मी मागून म्हटलं, "बघतेय. हात लाव आता, म्हैस आडवी येईल."

घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मी माझ्या मुलाला त्याच्या जागेवरून उठवलं. बाकी कुणी असं करत नाही. बाकीच्या आया मुलांना बसायला जागा करून देतात.

१२ जुलै, रविवार

गेली.

आडी महिना लागायला अजून पाच दिवस होते, त्या महिन्यात नव्या कामाला कुणी निघत नाही. पाच दिवस आणखी खेचलं असतं तर महिनाभर घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं कुणी. काल हे सुचलं होतं मला. सुचलं, आणि सोडून दिलं. याची नोंद असू दे कुठेतरी.

सकाळी पोत्याची शिवण उसवली. त्याच तांदळाचा डाळभात केला, वर तूप. त्याला आवडायचा तसा, करपवून. तिघींनी खाल्ला. उरलेला डब्यात भरून दिला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. गाडी निघाली, लिंबं चिरडली, वास सुटला. गल्लीच्या वळणावर हात बाहेर काढला तिनं. वळण आहे तिथं, म्हणून वळली. नाहीतर सरळच गेली असती.

शेडमध्ये तेलाचे चार डाग आहेत. दैवानै झाडू घेऊन आली. मी म्हटलं, राहू दे.

१३ जुलै, सोमवार

पोचली. शेजारी फोन आला. तोप्पूरच्या घाटातसुद्धा गाडी सरळ.

मग दैवानैनं वही उघडली आणि म्हणाली, "अत्तै, तुमची अट मी मोडतेय. कोरं पान सोडताना त्यांचं शेवटचं पान मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं." आणि वाचून दाखवलं. ९ मार्च. "नवे भाग आले. सगळं बसवून दोरी लावायची. सीटवर वजन शेहेचाळीस. शिकणं झालं की गाडी पूंगोडीची, नेईल तिकडे. पोरीला इतक्यात सांगायचं नाही. आईला तर मुळीच नाही. दोरी लपवून ठेवेल."

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मलाही ते तिथं बसलेले हवे होते."

आम्ही उठवलं म्हणून रडत होते मी. तो कधीच उठला होता. आपण होऊन.

आता इथं नको लिहू. त्याच्याच पानावर, त्याच्या त्या ओळीखाली जागा आहे म्हणतेस, तिथं लिही — लपवली होती. तीन दिवस. मग दिली.